दातांतला खडा

एर्झुरूममध्ये चहात साखर घालत नाहीत.
टणक ढेपेचा खडा आडकित्त्याने फोडतात,
दातांत धरतात
आणि कोरा तांबडा चहा त्याच्यावरून जाऊ देतात,
ओढ्याने दगडावरून जावं तसा.
एक खडा दोन पेल्यांना पुरवायचा, ही बाबांची ऐट.
"मी कुठे साखर खातो? मी नुसती धरतो."

चहाखाना त्यांचा. मी दवाखान्यात लोकांचं रक्त काढते.
एका रविवारी खिडकीशी बसून मी पेले मोजले,
विणताना टाके मोजावेत तसे.
सव्वीस. म्हणजे तेरा खडे.
"बारा," बाबा म्हणाले,
"दोन पेले फेयझुल्लाने उचलले माझ्यासमोरून."

उपाशीपोटी एकशे अठरा.
हा आकडा आजार नाही, आरोग्यही नाही,
उंबरठा आहे.
उंबरठ्यावर बसू नये म्हणतात,
पण बाबा किती वर्षं तिथेच स्टूल टाकून बसलेत
येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत, कोण जाणे.

मग तीन महिन्यांची चाचणी.
मी समजावलं : तांबडी पेशी जगते चारेक महिने,
जगते तोवर अंगाला साखर चिकटवून घेते.
ती धुता येत नाही.
आदल्या रात्री उपाशी झोपून तिला फसवताही येत नाही.
"म्हणजे उधारीची वही."
हो बाबा.
वही म्हणते, सहा पूर्णांक दोन.
"काय, लिरा?"
टक्के.
त्यांनी बराच वेळ फडक्याने
पुसलेलाच पेला पुसला.

आमच्याकडे आजाराचं आणि साखरेचं नाव एकच.
दुर्सुनकाकाला साखर झाली, असं लहानपणी ऐकलं
तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता.
पुढे अंगठा गेला, मग पाऊल,
मग बर्फात एकाच बुटाचे ठसे
आणि शेजारून काठीची भोकं.
दुसरा बूट, कोरा, अजून चहाखान्याच्या माळ्यावर आहे.
तो कुणी टाकत नाही. कुणी बघतही नाही.

बाबा चालायला लागले.
जेवण झालं की लवंडणं बंद,
किल्ल्यापर्यंत जायचं नि परत,
उणे अठरात, मिशीला खडीसाखर लागल्यासारखं बर्फ.
(हे मी बोलले. ते हसले नाहीत.)
आधी मसुराचं सूप, मग पाव, तोही अर्धा.
उरलेला अर्धा चिमण्यांना.
चिमण्या जाड झाल्या.

आणि माळ. ओल्तूच्या काळ्या दगडाची, आजोबांची.
एक खडा, एक मणी.
दिवसाचे पाच मणी ठरले. पहिल्या आठवड्यात सहा, सात,
बैरामच्या दिवशी मोजलेच नाहीत,
त्या दिवशी आत्याने कदायिफ आणला होता
आणि मी पाठ करून बसले.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आत शिरले
तर चष्म्यावर वाफ.
पुसून पाहिलं : बाबा चहा पिताहेत
आणि दातांत काहीतरी काळं.
माळेचा मणी.
"दोरा तुटला," म्हणाले.
चव?
"चव कसली. हलका असतो, लगेच ऊब धरतो.
दातांना सवय आहे गं, कशाला तरी धरून राहायची."

कामावर त्या महिन्यात
पट्ट्यांची एक डबी मुदत संपायला आली होती.
एक पट्टी मी स्वतःसाठी काढली.
वीस वर्षं दुसऱ्यांची बोटं टोचतेय,
आपल्या बोटाला किती लागतं ते ठाऊक नव्हतं.
सकाळी, उपाशीपोटी.
एकशे नऊ.

कुणाला बोलले नाही. संध्याकाळी तिथे जाऊन बसले.
भट्टीवर किटलीचं झाकण थरथरत होतं.
बाबांनी माझं तोंड पाहिलं,
आणि बोट, त्यावरचा कापूस.
समोर पेला ठेवला.
त्यांचा हात साखरेच्या वाटीकडे गेला,
थांबला,
मग सावकाश
कोटाच्या खिशात गेला.